जुन्या मोटारीचा क्लच : आधी निदान, मग दुरुस्ती



सिविक सेंटरमधील या सभेतून दिवाळीला मोटारीने नागपूरकडे निघणारी कुटुंबे थोडी नाहीत. राजनांदगाव ओलांडल्यावर जुन्या गाडीच्या क्लचने दगा दिला, तर वृद्ध व लेकरे रस्त्यावर अडकतात. म्हणून हे चार शब्द.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील नियम. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील तेल नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरचा दांडा सरकविते व क्लच सुटतो. नळीत हवा शिरली की तीच आकसते. क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर करकरतो.

अशा वेळी गिअरबॉक्स उतरविण्याची घाई नको. पेडल भरभर दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर दोष बहुधा तेलाच्या मार्गातच असतो. तेलाची पातळी पाहावी, सिलिंडरांपाशी ओल शोधावी. ओल नसूनही दाबून धरलेले पेडल खचत असेल, तर मास्टरचे रबरी वायसर बदलावेत. मग एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने स्लेव्हचा निपल सैल करून हवा सोडावी व पेडल सोडण्यापूर्वी तो आवळावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. तेलाची टाकी रिकामी होऊ देऊ नये. तेल ब्रेकचेच घालावे. इंजिनच्या तेलाने हे रबर फुगून नासते.

दांडा पुरेसा सरकूनही गिअर अडत असेल, तरच गिअरबॉक्सला हात लावावा. ही तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी उरकावी, म्हणजे वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांची भेट चुकणार नाही.