आभाळ बदलताना

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये एका स्नेह्यांकडे गेलो असता त्यांच्या चिरंजीवाने मला एक छायाचित्र दाखविले. गच्चीवर आजोबा बसलेले, मागे कडुनिंब आणि वर निळेभोर आकाश. आजोबांनी चष्मा पुसून ते न्याहाळले व म्हणाले, "माणूस मीच, आभाळ मात्र आपले नव्हे." मूळ चित्रात आभाळ पांढुरके होते आणि कोपऱ्यात कारखान्याचा धूर होता.

ही करामत समजून घेण्याजोगी आहे. फोटोशॉपमध्ये एका चित्रावर दुसरे चित्र थर म्हणून ठेवता येते. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. आकाशाच्या थरावर मुखवटा चढवावयाचा. मुखवटा जेथे पांढरा तेथे थर दिसतो, काळा तेथे झाकला जातो, करडा तेथे अर्धवट दिसतो. कडुनिंबाच्या पानांआडून डोकावणारे आकाश या करड्या छटांनीच साधते. 2020 पासून हे काम यंत्र आपणहून करते. तरी आजोबांच्या चेहऱ्यावर मंद उजेड आणि माथ्यावर लख्ख दुपार, ही विसंगती डोळ्यांनीच हेरावी लागते.

हा मोह नवा नव्हे. जुन्या कोलोडियन काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई व आकाश कोरे उमटे. म्हणून फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात समुद्र एका काचेवरून, तर ढग दुसरीवरून छापले.

मुखवट्याचा मोठा गुण असा, की तो मूळ खोडीत नाही. कचेरीत टिपणी चुकली तर आम्ही खालचे वाचता येईल अशी रेघ मारून सही करतो, मुखवटाही तसाच. तो उठविला की जुने आभाळ जसेच्या तसे! परंतु कागदावर छापलेल्या प्रतीत ती रेघ उरत नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. पुढे त्याच भट्ट्यांपाशी आजोबांची उमेदीची वर्षे गेली. तो धूर पुसला, तर पणतवंडांना त्यांचे आयुष्य कोठे दिसावे?

मी चिरंजीवास इतकेच सुचविले : निळे आभाळ खुशाल ठेव, पण पाठीमागे तसे लिही, आणि मूळ प्रत जपून ठेव. त्याने दोन्ही चित्रे छापली. आजोबांनी धुराचे तेवढे स्वतःच्या खोलीत लावून घेतले.