वही राहील, पण वाचणार कोण?



उल्हासनगरातील एका घरी काही काळापूर्वी मला एक वही दाखवण्यात आली. कापडात गुंडाळलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. कराची सोडल्यापासून छावणीतील पहिल्या पावसाळ्यापर्यंतची हकीकत आजोबांनी तीत लिहून ठेवली होती. घरच्यांनी प्रत्येक पानाचे छायाचित्र संगणकावर उतरवले होते, परदेशातील भावंडांनाही पाठवले होते. मी विचारले, ''लिहिले आहे काय?'' नातू ओशाळून म्हणाला, ''साहेब, आम्हाला ही अक्षरे येत नाहीत.''

1947 च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईकडे निघाले. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सुमारे एक लाख निर्वासितांची सोय झाली. 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी माणसाला परतायला प्रांतच उरला नाही. बरोबर आली ती भाषा.

ती लिहिली जात होती अरबी वळणाच्या 52 अक्षरांत. ही लिपी इंग्रजांनी 1853 मध्ये ठरवून दिलेली. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची अक्षरे निराळी, तीही बहुधा स्वरचिन्हांवाचून! भारतात सिंधी देवनागरीतही लिहिली जाऊ लागली, मुले इंग्रजी शाळेत गेली, आणि आजोबांची वही घरातच परकी झाली.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की छायाचित्र काढले म्हणजे जतन झाले असे समजू नका. पान सपाट ठेवून, सारख्या उजेडात, समासातील खुणांसह उतरवा. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा. हे काम सोपे आहे. अवघड आहे ते वाचन. असे घाईचे, फुटक्या शाईचे हस्ताक्षर यंत्राला अजून भरवशाने लागत नाही. जाणत्या व्यक्तीकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे, ध्वनिमुद्रित करावे, मग देवनागरीत उतरवावे. 1947 साली जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे.

आणखी एक गोष्ट, काहींना रुचणार नाही. अशा वह्यांत जाळपोळ असते, तशी रात्री आसरा देणारा मुसलमान शेजारीही असतो. सोयीची पाने तेवढी प्रसिद्ध करण्याचा मोह आपणही टाळला पाहिजे. साक्ष छाटली की ती साक्ष राहत नाही. लेकीसुनांची नावे असलेली पाने मात्र कुटुंबाच्या संमतीवाचून कोणालाही दाखवू नयेत, मग अभ्यासक कितीही मोठा असो.

त्या वहीचे वाचन आता एका निवृत्त शिक्षिकेने हाती घेतले आहे. बावीस पाने झाली. तेविसाव्या पानावर पाणी पडून शाई पसरली आहे, तिथे त्या भिंग घेऊन बसल्या आहेत.