निकष लाभाचा नव्हे, समाज जोडण्याचा

(व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



निवडणूक पद्धतीचा विषय निघाला की पराभूत पक्ष ती बदलण्याची मागणी करतो आणि विजयी पक्ष तिचे गोडवे गातो. म्हणून आरंभीच आपल्या घरातले आकडे मांडतो. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे पावणेआठ टक्के मते मिळाली आणि जागा अवघ्या दोन. मतांच्या प्रमाणात त्या चाळीसच्या आसपास झाल्या असत्या. २०१४ मध्ये त्याच पक्षाने ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा जिंकल्या. त्याच वेळी चार टक्क्यांहून अधिक मते मिळवणाऱ्या बहुजन समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ज्या पद्धतीने एकदा आपल्यावर अन्याय केला, तिनेच पुढे भरभरून दिले. तेव्हा लाभ हा निकष ठेवला, तर आपले मत दर निवडणुकीला बदलेल.

मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत वरकरणी न्याय्य वाटते. घटना समितीत जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तिचा आग्रह धरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. या पद्धतीला साक्षर मतदार लागतो, आणि तिच्यामुळे सभागृह लहान-लहान गटांत विभागून सरकारे अस्थिर होतात, असे त्यांचे म्हणणे होते. साक्षरता वाढल्याने पहिला आक्षेप आज सौम्य झाला असेल. दुसरा मात्र तितकाच खरा आहे. ज्या इस्रायलच्या राष्ट्रभक्तीचे आपण कौतुक करतो, तिथे हीच पद्धत आहे. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात त्या देशाला पाच वेळा सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागली.

आपल्याला आणखी एक धोका आहे. १९०९ च्या कायद्याने स्वतंत्र मतदारसंघ आले आणि उमेदवाराला केवळ स्वधर्मीयांपुढे हात जोडणे पुरेसे झाले. त्या वाटेचा शेवट कुठे झाला, हे आपण जाणतो. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम ३२५ ने सर्वांसाठी एकच मतदार यादी ठेवली. प्रमाणशीर पद्धतीत प्रत्येक जातीला आपापला पक्ष काढून पाच-सात जागा पदरात पाडून घेण्याचा मोह होईल. दुसऱ्याच्या दारात जाण्याची गरजच उरणार नाही.

पण मग प्रचलित पद्धत निर्दोष आहे काय? नाही. पंचरंगी लढतीत पंचवीस-तीस टक्के मतांवर उमेदवार निवडून येतो. सत्तर टक्के मतदारांनी ज्याला नाकारले, तो सर्वांचा प्रतिनिधी ठरतो. मग एक गठ्ठा सांभाळायचा आणि उरलेल्यांत फूट पाडायची, हेच निवडणुकीचे शास्त्र बनते.

यावर फ्रान्सने दुसऱ्या फेरीचा उपाय योजला. पण त्यात दुबार मतदानाचा खर्च आहे. ऑस्ट्रेलियात मतदार एकाच मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितो. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपल्यापैकी अनेकांनी असेच १, २, ३ लिहिले असेल. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले, ते दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच. या रीतीत मते बाद होतात, मोजणी लांबते, हे खरे. पण उमेदवाराला विरोधकाच्या मतदारालाही सांगावे लागते, ‘पहिली पसंती नसेल, तर निदान दुसरी द्या.’ गावात सलोखा राखायला याहून चांगली सक्ती कोणती?

याचा प्रयोग सरपंचपदापासून व्हावा. थेट सरपंच निवड महाराष्ट्रात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सरकार बदलले की नियम बदलला! म्हणून हा प्रयोग सर्व पक्षांच्या संमतीने, निवडणुकीपूर्वी पुरेसा अवधी ठेवून आणि दोन-तीन निवडणुका न बदलण्याच्या वचनाने व्हायला हवा. कबड्डीच्या मैदानावरील रेषा सामना सुरू होण्याआधी आखतात. आपला गडी बाद होऊ लागला म्हणून त्या सरकवत नाहीत.

त्या रेषेने उद्या आपलाच उमेदवार पडेल, हेही शक्य आहे. ते स्वीकारण्याची तयारी असेल, तरच सुधारणेची मागणी करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे.