हप्ता किती ते विचारलं, गाडी किती पळाली ते नाही

आज आमच्या बचत गटाची एक चूक तुम्हाला सांगायला आलोय. ज्या ताईच्या घरात हे घडलं, तिनंच सांगितलं, "बोला रेडिओवर. माझं नाव घेऊ नका, पण बोला."

मोटारसायकल घ्यायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न असतो, अ‍ॅव्हरेज किती देते? दुसरा, हप्ता किती बसतो? तिसरा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. गाडी आजवर किती पळालीय, आणि हप्ते फिटेपर्यंत तिला अजून किती पळायचंय?

ताईच्या मुलाला तालुक्याच्या एमआयडीसीत काम लागलं. गावापासून वीस किलोमीटर. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री एस.टी. नाही, म्हणून गाडी हवीच होती. बाजारात सात वर्षं जुनी मोटारसायकल बघितली. मीटरवर २४ हजार किलोमीटर. ४० हजारांचं कर्ज, दोन वर्षांचे हप्ते. पोराची नोकरी नवी, म्हणून कर्ज ताईच्या नावावर. जामीन आमच्यातल्या दोघी. कर्ज देणाऱ्यानं आरसी बुकावरचं साल बघितलं. सात आणि दोन नऊ, त्याच्या नियमात बसलं. मीटरकडे त्यानं बघितलं नाही, आणि आम्हीही नाही.

पाचव्या महिन्यात गाडी धूर ओकायला लागली. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि म्हणाला, "मावशी, ही गाडी मीटरच्या दुप्पट-तिप्पट पळालेली आहे." साडेआठ हजारांचं काम निघालं. गाडी पंधरा दिवस गॅरेजात, पोराचे खाडे, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला. दोन हप्ते आम्ही सगळ्यांनी मिळून भरले. पैशापेक्षा वाईट हे वाटलं, की ताई दोन महिने बैठकीलाच आली नाही. तोंड कसं दाखवू, म्हणायची. खरं तर तोंड लपवायचं काम आमचं होतं. सह्या आम्हीही केल्या होत्या.

नंतर आम्ही बसून हिशोब मांडला. सात वर्षं म्हणजे ८४ महिने. २४ हजारांना ८४ नं भागलं तर महिन्याला तीनशे किलोमीटरही येत नाहीत. म्हणजे दिवसाला जेमतेम दहा. आणि ती गाडी होती रोज गावोगाव दूध गोळा करणाऱ्याची! दिवसाला तीस किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तरी सात वर्षांचे ६३ हजार होतात. हा हिशोब चौथीतल्या पोरीलाही जमला असता. आम्ही फक्त मांडला नाही.

आता पुढचा हिशोब. जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला १ हजार. चोवीस हप्ते फिटेपर्यंत गाडी २४ हजार किलोमीटर आणखी पळणार. म्हणजे कर्ज फिटेल त्या दिवशी गाडी ८७ हजारांवर असणार होती. चांगली राखलेली गाडी लाखाच्याही पुढे जाते, हे खरं आहे. पण ती राखलेली होती का, हे कुणी बघितलं होतं?

म्हणून आमच्या गटानं स्वतःची मर्यादा ठरवली. आजवरचं पळणं आणि हप्त्यांच्या काळातलं पळणं, दोन्ही मिळून साठ हजारांच्या वर जात असेल, तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीनं गाडी बघितल्याशिवाय सही नाही. हा काही सरकारी नियम नाही, आमचा आहे. तुम्ही तुमच्या रस्त्यांप्रमाणे आकडा ठरवा.

मीटरवर विश्वास किती ठेवायचा? मीटर मागं फिरवता येतं, बदलताही येतं. जुन्या काट्याच्या मीटरचे आकडे संपले की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून मीटरबरोबर गाडीही वाचायची. पायाखालचं रबर, ब्रेकचं पायडल आणि मुठी झिजून गुळगुळीत झाल्यात का बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर दहा हजार दाखवतंय आणि टायर गाडीपेक्षा नवा आहे, तर विचारा, एवढ्यात का बदलला? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर दर सर्व्हिसिंगला किलोमीटर लिहून ठेवतात. मालकाला ती नोंद मागा. तो टाळाटाळ करायला लागला, तर आपण दुसरी गाडी बघायची.

आता कर्जाचा कागद. ताईला सांगितलं होतं, बारा टक्के. पण ते होतं 'फ्लॅट'. म्हणजे पूर्ण ४० हजारांवर दोन्ही वर्षं व्याज. ९,६०० रुपये. फेडलेल्या मुदलावर व्याज लागू नये, असा घटत्या शिलकीचा बारा टक्के असता, तर व्याज ५,२०० च्या आत बसलं असतं. फ्लॅटचे बारा टक्के घटत्या शिलकीनं मोजले तर साडेएकवीसच्या आसपास जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्यानं मुख्य माहितीचा एक कागद द्यायचा असतो, आणि तो आपल्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मागा आणि बैठकीत मोठ्यानं वाचा.

जामीन राहणाऱ्या बायांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते. "नुसती सही तर आहे" असं काही नसतं. तेव्हा गाडी बघायला जामीनदारानंही जायचं.

आरसीवर आधीच्या कुणाच्या कर्जाचा बोजा आहे का, ते बघा. गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. आपलं कर्ज फिटलं की कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. नाहीतर गाडी विकताना अडकते.

नवी गाडी घेणाऱ्यांनाही किलोमीटर सुटत नाही. फुकट सर्व्हिसिंग आणि वॉरंटीला दिवसांची मर्यादा असते तशी किलोमीटरचीही, आणि दोन्हींतली जी आधी संपेल ती धरतात. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचंही तसंच. रोज लांब पळणाऱ्याची वॉरंटी हप्त्यांच्या आधीच संपू शकते.

ताईचे अजून सात हप्ते राहिलेत. गाडी आता नीट चालते. ती बैठकीला येते, आणि कुणी गाडीसाठी कर्ज मागितलं की कागद-पेन्सिल तीच पुढं करते. "गाडीचं वय सांग, रोजचं पळणं सांग, मीटर सांग," असं विचारते. पुढच्या बैठकीत तुम्हीही गटातल्या एका गाडीचा हा हिशोब मांडून बघा. आम्ही सहीनंतर मांडला, तुम्ही सहीआधी मांडा.

येतो आम्ही. नमस्कार.