आईचें नागरिकत्व

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांत बोट्स्वाना नांवाचा देश आहे. त्याचा बराचसा प्रदेश कलहारीच्या वाळवंटानें व्यापलेला असून गुरें राखणें हा तेथील लोकांचा पूर्वापार व्यवसाय होय. त्या लोकांच्या त्स्वाना भाषेंत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा कीं, मुलाची आई सुरी पात्याकडून धरते. लेकरावर संकट आलें म्हणजे आपला हात कापला जाईल, याची पर्वा ती करीत नाहीं. परंतु ज्या समाजानें आईची ही थोरवी म्हणींत सांठवून ठेवली, त्याच समाजाच्या कायद्यानें १९८४ सालीं असें ठरविलें कीं, विवाहित स्त्रीच्या मुलाला देशाचें नागरिकत्व आईकडून मिळावयाचें नाहीं. तें बापाकडूनच मिळेल. ही विसंगति एका वकील स्त्रीनें न्यायासनापुढें नेली. त्या युनिटी डाऊबाईंच्या कार्याचा परिचय येथें करून द्यावयाचा आहे.

डाऊबाईंचा जन्म १९५९ सालीं मोचुडी या गांवीं झाला. देश त्या वेळीं बेचुआनालँड या नांवानें ब्रिटिशांच्या संरक्षणाखालीं होता. ३० सप्टेंबर १९६६ रोजीं तो स्वतंत्र झाला, तेव्हां त्या अवघ्या सात वर्षांच्या होत्या. पुढें बोट्स्वाना व स्वाझीलँड या दोन देशांच्या संयुक्त विद्यापीठांत आणि कांहीं काळ स्कॉटलंडांतील एडिंबरो येथें त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला. केवळ स्त्री-वकिलांची अशी त्या देशांतील पहिली वकिली संस्था त्यांनीं काढली. त्याचबरोबर मोचुडी येथें स्त्रियांना त्यांचे हक्क समजावून सांगणारें एक केंद्र उभारण्यांतही त्यांनीं पुढाकार घेतला. कायदा पुस्तकांत असून भागत नाहीं, ज्याच्यासाठीं तो केला त्याला तो कळला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

१९८४ च्या मार्च महिन्यांत त्यांचा विवाह एका अमेरिकन गृहस्थांशीं झाला. त्याच वर्षाच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें असा नियम घातला कीं, बोट्स्वानांत जन्मलेल्या मुलाचा बाप त्या देशाचा नागरिक असेल, तरच तें मूल जन्मानें नागरिक ठरावें. मूल विवाहबाह्य असेल, तर मात्र आईचें नागरिकत्व पाहावें. या नियमाचा परिणाम डाऊबाईंच्या स्वतःच्या घरांतच दिसून आला. विवाहापूर्वीं झालेली त्यांची थोरली मुलगी त्या देशाची नागरिक ठरली. विवाहानंतर झालेलीं दोन मुलें परकीय ठरलीं. एकाच आईच्या पोटचीं, एकाच छपराखालीं वाढणारीं हीं भावंडें. पण कायद्यानें त्यांच्यामध्यें देशाची सीमा आंखली. बापाच्या वास्तव्याचा परवाना संपला आणि तो पुन्हां मिळाला नाहीं, तर त्या दोन मुलांनाही देश सोडावा लागला असता. उलट, एखाद्या पुरुषानें परदेशी स्त्रीशीं विवाह केला असता, तर त्याच्या मुलांपुढें ही अडचण मुळींच आली नसती.

डाऊबाई इतरांचे खटले चालवीत होत्या. या वेळीं त्या स्वतःच वादी झाल्या. सरकारतर्फे दोन मुद्दे मांडण्यांत आले. पहिला असा कीं, हानि झालीच असेल तर ती मुलांची; आईला दाद मागण्याचा अधिकार कोठून आला? दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत भेदभावाची व्याख्या करतांना वंश, टोळी, जन्मस्थान, राजकीय मतें, वर्ण आणि धर्म हीं कारणें एकामागून एक मोजून दिलीं होतीं. त्यांत स्त्री-पुरुष भेदाचा उल्लेख नव्हता. हा शब्द अनवधानानें राहिलेला नसून समाजाची पितृप्रधान घडी विस्कटूं नये म्हणून हेतुपूर्वक गाळला आहे, असें सरकारचें म्हणणें होतें. सारांश, एका गाळलेल्या शब्दावर निम्म्या प्रजेचा हक्क अवलंबून राहिला.

१९९१ च्या जून महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति हॉर्विट्झ यांनीं डाऊबाईंच्या बाजूनें निकाल दिला. सरकारनें अपील केलें. ३ जुलै १९९२ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं मुख्य मुद्द्यावर तोच निकाल कायम केला. अध्यक्ष न्यायमूर्ति अमिसा यांची विचारसरणी मनन करण्याजोगी आहे. घटनेचें तिसरें कलम प्रत्येक व्यक्तीला, ती पुरुष असो वा स्त्री, मूलभूत हक्क देतें. तेथें स्पष्ट शब्दांत दिलेला हक्क पुढील एका कलमाच्या केवळ मौनानें काढून घेतां येत नाहीं. तो काढून घ्यावयाचाच होता, तर तसें उघड लिहावयास हवें होतें. मुलें देशाबाहेर घालविलीं जाऊं शकतात, या भीतीनें आईचें संचारस्वातंत्र्यही आपोआपच आंखडतें. म्हणून दाद मागण्याचा अधिकार तिला आहे, असेंही न्यायालयानें मानलें.

विरुद्ध मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांची बाजूही क्षुल्लक म्हणून सोडून देतां येत नाहीं. जो शब्द घटनाकारांनीं बुद्ध्या वगळला, तो न्यायाधीशांनीं घालूं नये. तें काम लोकप्रतिनिधींचें आहे, असें त्यांना वाटलें. पण लोकप्रतिनिधि सावकाश चालतात. निकालाप्रमाणें नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त व्हावयास १९९५ साल उजाडलें आणि भेदभावाच्या व्याख्येंत तो गाळलेला शब्द घटनादुरुस्तीनें घातला गेला तो २००५ सालीं.

हें ऐकून आफ्रिकेंतील एका देशाच्या मागासलेपणाबद्दल कोणी हळहळूं लागेल, तर त्यानें आपल्याकडील कायदाही उघडून पाहावा. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें परदेशांत जन्मलेल्या अपत्याला वंशपरंपरेनें मिळणारें नागरिकत्व बापाकडूनच मिळत असे. 'आई-बापांपैकीं कोणीही' असा बदल त्यांत झाला तो १९९२ च्या डिसेंबरांत, म्हणजे डाऊबाईंच्या अपिलाचा निकाल लागल्यानंतर पांच महिन्यांनीं.

१९९८ सालीं डाऊबाई वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. तें पद मिळविणाऱ्या त्या देशांतील पहिल्या स्त्री होत. पुढें त्यांच्यासमोर दुसरा एक महत्त्वाचा खटला आला. मध्य कलहारीच्या राखीव अरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सान लोकांना सरकारनें तेथून हलविलें होतें आणि त्यांनीं न्यायालयाकडे धांव घेतली होती. १३ डिसेंबर २००६ रोजीं तीन न्यायाधीशांपैकीं दोघांनीं सान लोकांचा परत जाण्याचा हक्क मान्य केला. त्या दोघांत डाऊबाई होत्या. घरांतून बाहेर काढलें जाण्याची भीति काय असते, हें त्यांना केवळ ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें. न्यायासन सोडल्यावर २०१४ सालीं त्या संसदेंत गेल्या आणि नंतर मंत्रीही झाल्या. त्यांनीं कादंबऱ्याही लिहिल्या आहेत.

एका स्त्रीच्या या झगड्याचा लाभ कोठवर पोंचला, हें पाहण्यासारखें आहे. कान्ये या गांवच्या चार वृद्ध बहिणींना, वडिलोपार्जित घर पुरुष वारसाकडेच जावें या रूढीमुळें, आपलें राहतें घर सोडण्याची पाळी आली होती. त्यांनीं दाद मागितली आणि २०१३ सालीं अपील-न्यायालयानें तें घर त्यांचेंच असल्याचा निर्णय दिला. त्या बहिणी कायदा शिकलेल्या नव्हत्या. पण स्त्रीला आपल्या हक्कासाठीं न्यायालयांत उभें राहतां येतें, हें वीस वर्षांपूर्वींच सिद्ध झालेलें होतें.

डाऊबाईंना स्वतःच्या मुलांपुरती कांहीं सोय पाहतां आली असती. कायद्याचें शिक्षण झालेल्या कुटुंबाला असा मार्ग सांपडणें अगदींच अशक्य नसतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आपला विवाह आणि आपली मुलें यांची चर्चा त्यांनीं भर न्यायालयांत होऊं दिली. त्यामुळें जो हक्क मिळाला, तो ज्यांना वकील करणें परवडत नाहीं अशा मातांनाही मिळाला. सुरी पात्याकडून धरण्याचा अर्थ त्यांनीं असा घेतला.