डेबियन: सभासदांच्या मतावर चालणारा प्रकल्प

मालक नाही, पगार नाही, तरीही तीस वर्षांहून अधिक काळ चालणाऱ्या एका प्रकल्पाची आज ओळख करून घेऊ. ऑगस्ट 1993 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने 'डेबियन' ही लिनक्सवर आधारित संगणकप्रणाली जाहीर केली.

माणसं वाढली, तशी नियमांची गरज भासली. 1997 मध्ये 'सामाजिक करार' झाला: प्रणाली मुक्तच राहील, दोष लपवले जाणार नाहीत. 1998 मध्ये राज्यघटना आली. तिच्यानुसार प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडला जातो. मतदार पसंतीक्रम देतात. 'यांपैकी कोणीही नको' असंही मत देता येतं. प्रमुखाचा निर्णय सभासद ठरावाने फिरवू शकतात. तांत्रिक वादांसाठी वेगळी समिती आहे.

नव्या सभासदाची ओळख, कामाची जाण आणि कराराशी बांधिलकी तपासली जाते. वाढ सावकाश होते, पण विश्वास टिकतो. उबुंटू ही दुसरी लिनक्स-प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी राहिली. 2010 च्या ठरावाने भाषांतर किंवा दस्तऐवजलेखन करणाऱ्यांनाही सभासदत्वाचं दार उघडलं.

2023 मध्ये डेबियनची वार्षिक परिषद आपल्या देशात, कोचीला भरली. मराठी तरुणांनो, चाचणी करा, दोष कळवा, भाषांतर करा. इथे काम करणाऱ्यालाच मताचा अधिकार मिळतो.