संप्रेरके, स्मरणशक्ती आणि वार्धक्य



छत्रपती संभाजीनगर विभागातील बीड जिल्ह्यातून दर वर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने त्यांतील स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांमागे सुमारे एक. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मजुरी बुडते, वर दंड. मग ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला पटतो. मजुरीच्या आणि आरोग्यसेवेच्या अंगाने या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली. उतारवयात या स्त्रियांच्या स्मरणशक्तीचे काय होईल, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. केवळ पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश आपले काम करीत राहतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक बीजकोशांत तयार होते आणि त्याचे कार्य प्रजननापुरते नसते. मेंदूच्या ज्या भागात नव्या आठवणी घडतात, तेथील पेशींवरही त्याचा परिणाम होतो. निसर्गक्रमाने येणाऱ्या रजोनिवृत्तीत हा पुरवठा काही वर्षांत ओसरतो. दोन्ही बीजकोश काढल्यास तो काही दिवसांतच आटतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांना २००७ मध्ये असे आढळले की, रजोनिवृत्तीपूर्वी बीजकोश गमावलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया जितकी लहान वयात, तितका तो अधिक. पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळालेल्या स्त्रियांत ही वाढ दिसली नाही.

म्हणून म्हातारपणी संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्यात, असे मात्र नव्हे. पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाल्याचे २००३ मध्ये अमेरिकेतच निष्पन्न झाले. पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन हळूहळू घटते. वृद्धांना ते वर्षभर देऊनही स्मरणशक्ती सुधारली नाही, असे २०१७ मध्ये दिसले. ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना एवढे उत्तर पुरे.

शिवाय सारा भार संप्रेरकांवर टाकता येत नाही. भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रिया, ग्रामीण जनता आणि अल्पशिक्षित यांच्यात ते अधिक आहे. ऊसतोड करणारी स्त्री बहुधा या तिन्हींत मोडते.

अशी स्त्री विसरभोळेपणाची तक्रार घेऊन घाटी रुग्णालयात किंवा गावच्या आरोग्य केंद्रात आली, तर डॉक्टरांना प्रथम हवा असतो तो तिच्या शस्त्रक्रियेचा कागद. तो जपून ठेवण्यास ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावातील स्त्रियांना सांगावे, आणि बीजकोश ठेवले की काढले याची नोंद त्यावर आहे काय, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.